जलसंजीवनी : पुडी पोहोचली, रीत पोहोचावयाची आहे

(पावसाळ्यापूर्वी भरलेल्या तालुका पातळीवरील शिबिरात सरपंच, पंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक व अंगणवाडी सेविका यांच्यासमोर एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



पावसाळा तोंडावर आला आहे. शेताच्या बांधबंदिस्तीची आणि बी-बियाण्यांची चिंता वाहणाऱ्या आपल्या गावांना याच दिवसांत आणखी एका गोष्टीची चिंता वाहावी लागते. ती म्हणजे नव्या पाण्याबरोबर येणारी हगवण. ओढ्यानाल्यांना गढूळ पाणी येते, ते विहिरींत पाझरते, फुटलेल्या नळांतून आत शिरते आणि आठ-पंधरा दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर लहान मुले कडेवर घेतलेल्या आयांची रांग लागते. माझ्या नोकरीची सर्व वर्षे ही रांग पाहण्यात गेली. त्या रांगेने मला जे शिकविले ते आपणांस सांगावे, एवढ्यासाठीच मी येथे उभा आहे.

प्रारंभी एक अनुभव सांगतो. १९८६ च्या पावसाळ्यातील ही गोष्ट आहे. जुलाब होत असलेल्या दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन एक बाई आली. मूल हसत होते, पाणी पीत होते. काळजीचे काही कारण नव्हते. मी तिला क्षारमिश्रणाची एक पुडी दिली आणि "ही पाण्यातून पाज" असे सांगून पुढच्या रुग्णाकडे वळलो. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ती पुन्हा आली, तेव्हा मूल ओळखू येत नव्हते. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, अंग तापलेले, मान टाकलेली. चौकशी करता कळले की, एक लिटर पाण्याची ती संपूर्ण पुडी तिने चहाच्या एका कपात विरघळवली होती आणि तेच मिठाचे जहाल पाणी चमच्याचमच्याने पाजले होते. मूल ओकत राहिले, आणि पोटात जे राहिले त्याने अंगातील उरलेसुरले पाणीही ओढून घेतले. जीपमधून त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावे लागले. तीन दिवसांनी ते वाचले.

मी त्या बाईला रागावलो होतो. तिने खाली मान घालून एवढेच म्हटले, "पुडी दिली डाक्टर, पर पाणी किती घालायचं, ते कुणी सांगितलं न्हाई."

मित्रहो, तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. चूक तिची नव्हती, पुडी देणाऱ्याची होती. औषध पोहोचविणे आणि औषधाची रीत पोहोचविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे त्या दिवशी मला उमगले. आज जे सांगावयाचे आहे त्याचे सार एवढेच की, अतिसारावरील उपाय आपल्या गावापर्यंत आलेला आहे. तो आईच्या हातात आजार येण्यापूर्वी पोहोचविणे हे काम मात्र अद्याप पुरे झालेले नाही, आणि ते एकट्या आरोग्य खात्याकडून होण्यासारखेही नाही.

मृत्यूचे खरे कारण

जुलाबाने मूल दगावले असे आपण म्हणतो. वस्तुतः ते जुलाबाने नव्हे, तर अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे दगावते. या अवस्थेस जलशुष्कता असे म्हणतात. आठ किलो वजनाचे मूल घ्या. त्याच्या अंगातून वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे पाऊण लिटरच्या थोडेसे वर पाणी गेले की त्याचा जीव धोक्यात येतो. आपल्या घरातील एका तांब्यात मावेल एवढेच हे पाणी! पटकीसारख्या रोगात एवढे पाणी काही तासांतच निघून जाते. मोठ्या माणसाजवळ या बाबतीत थोडीफार शिल्लक असते, लहान मुलाजवळ ती फार थोडी असते. म्हणूनच या रोगाचे बळी मुख्यतः पाच वर्षांखालील बालकांतून जातात.

मग गेलेले पाणी तोंडावाटे परत का देऊ नये, असा साधा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. पूर्वीचे वैद्यक म्हणे की, जुलाबात आतडे निकामी होते. त्यात घातलेले पाणी जसेच्या तसे बाहेर येते. त्यामुळे शिरेतून सलाईन देणे हाच एक मार्ग मानला जाई. नुसत्या साध्या पाण्याच्या बाबतीत या म्हणण्यात काही तथ्य होते. परंतु लहान आतड्याच्या अस्तरात एक विलक्षण व्यवस्था आहे. मिठातील सोडियम आणि साखरेतील ग्लुकोज ही दोन्ही जोडीने आली की अस्तराचे एक दार त्यांना आत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत ओढले जाते. १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने ही जोडीची कल्पना मांडली. पटकीच्या विषाने आतड्याचे इतर व्यवहार उलटेपालटे झाले तरी हे एक दार चालूच राहते. जलसंजीवनीचे सारे सामर्थ्य या एका दारात आहे. साखर चवीसाठी घातलेली नसते, मीठ आत नेण्यासाठी घातलेली असते. म्हणूनच दोहोंचे प्रमाण सांभाळावे लागते. मीठ अधिक झाले तर अपाय, साखर अधिक झाली तर जुलाब वाढतात, आणि पाणी कमी पडले तर मघाशी सांगितलेला प्रसंग ओढवतो.

बनगावची छावणी

हा उपाय कोणत्या परिस्थितीत सिद्ध झाला, तो इतिहास आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कारण त्याचा मोठा भाग आपल्याच देशात घडला.

पटकीचे जंतू एक विष सोडतात व त्या विषामुळे आतड्यातून पाणी वाहू लागते, हे कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली प्रयोगाने दाखविले. त्याच्याही आधी, १९५३ साली, कोलकात्याच्याच डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी पटकीच्या सौम्य रुग्णांना तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचे पाणी देऊन बरे केल्याचे लेखाद्वारे जाहीर केले होते. त्याकडे त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९६८ साली ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश यांनी तोंडावाटे द्यावयाच्या मिश्रणाने सलाईनची गरज मोठ्या प्रमाणात कमी होते, हे पद्धतशीर चाचणीने दाखवून दिले. तथापि हे सर्व रुग्णालयात, तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत झाले होते. उघड्या माळावर, अडाणी मानल्या गेलेल्या माणसांच्या हातून हे साधेल यावर कोणाचा विश्वास नव्हता.

तो विश्वास १९७१ साली बसला. पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील सीमेवरच्या बनगाव येथे छावणीत पटकीने थैमान घातले. कोलकात्याहून डॉ. दिलीप महालनबीस आपले पथक घेऊन तेथे पोहोचले, तेव्हा सोळा खाटांच्या लहानशा रुग्णालयात जमिनीवरही पाय ठेवण्यास जागा नव्हती. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या, आणि शिरेत सुई घालू शकणारे प्रशिक्षित हात तर मुठीत मोजण्याइतकेच होते. तेव्हा डॉक्टरांनी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा प्रमाणात भुकटी तयार करण्यात आली. कोलकात्यातील ग्रंथालयाच्या खोलीत प्लास्टिकच्या पिशव्या भरून त्या गरम इस्त्रीने बंद केल्या जात. छावणीत पिंपांमध्ये मिश्रण तयार करून ठेवले जाई, आणि रुग्णाचे आई, बाप, भाऊ, बहीण जे कोणी जवळ असेल त्याने पेल्याने ते आपल्या माणसाला पाजत राहावे, असे सांगण्यात आले.

परिणाम काय झाला? छावणीत तीस टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण या पद्धतीने उपचार केलेल्या रुग्णांत साडेतीन टक्क्यांच्या आसपास आले. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी हे काम प्रत्यक्ष पाहिले व जगापुढे त्याचा पुरस्कार केला. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत होऊ शकेल, असा अभिप्राय दिला. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

बनगावचा खरा धडा औषधाच्या गुणापुरता नाही. तो असा की, घरच्या माणसाच्या हाती पेला देऊन त्याला रीत समजावून सांगितली तर तो उपचार करू शकतो. जगात १९८० च्या सुमारास अतिसाराने दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४६ लाख बालके दगावत असावीत असा अंदाज होता. आज तो आकडा साडेचार लाखांच्या आसपास आला आहे. या घटीस स्वच्छ पाणी, लसीकरण व पोषण यांचा हातभार आहेच. परंतु सिंहाचा वाटा या तांब्याभर पाण्याचा आहे. आणि तरीही उरलेल्या साडेचार लाखांपैकी फार मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे, ही खेदाची गोष्ट होय.

पुडी कशी करावी व कशी पाजावी

आता रीत. येथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाने ती इतरांना तोंडपाठ सांगता यावी इतकी पक्की करावी, अशी माझी विनंती आहे.

प्रथम हात साबणाने धुवावेत. स्वच्छ भांड्यात मोजून एक लिटर पिण्याचे पाणी घ्यावे. उकळून गार केलेले असल्यास उत्तम. संपूर्ण पुडी एकाच वेळी टाकावी व विरघळेपर्यंत ढवळावे. अर्धी आज, अर्धी उद्या असे करू नये. बाजारात २०० मिलिलिटर पाण्यासाठी असलेल्या लहान पुड्याही मिळतात. म्हणून पुडीवर लिहिलेले पाण्याचे प्रमाण वाचावे, आणि वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे. त्यात वेगळे मीठ, साखर, दूध वा सरबत काहीही मिसळू नये. तयार केलेले पाणी झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून देऊन नवे करावे.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलास अर्धा ते एक कप आणि मोठ्या माणसास हवे तितके पाजावे. लहान बाळाला चमच्याने, एक-दोन मिनिटांनी एक चमचा, असे सावकाश द्यावे. मूल ओकले तर घाबरून बंद करू नये. दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश सुरू करावे. ओकारीतून जाते त्यापेक्षा पोटात राहते ते अधिक असते.

पुडी हाताशी नसेल तेव्हा घरी करावयाचा उपाय असा : एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्यावर शीग नको. पाजण्यापूर्वी स्वतः चाखून पाहावे. अश्रूंपेक्षा अधिक खारट लागले तर ते टाकून पुन्हा करावे. किंचित मीठ घातलेली भाताची पेज, ताक आणि वरणाचे पाणी हेही या वेळी उपयोगी पडते. परंतु पुडीतील मिश्रण सर्वांत भरवशाचे. २००२ साली जागतिक पातळीवर त्यातील मीठ व ग्लुकोज यांचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी करण्यात आले असून त्यामुळे ओकारी व जुलाबाचे प्रमाणही कमी होते, असे आढळले आहे.

याच्या जोडीला दोन गोष्टी हव्यात. पहिली, अन्न. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध एक वेळही तोडू नये. मोठ्या मुलास मऊ भात, खिचडी, केळे, दही असे नेहमीचे हलके अन्न थोडे थोडे, वारंवार द्यावे. दुसरी, जस्ताची म्हणजे झिंकची गोळी. दोन ते सहा महिन्यांच्या बाळास रोज १० मिलिग्रॅम व सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज २० मिलिग्रॅम, याप्रमाणे सलग चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले तरी गोळ्या पुऱ्या कराव्यात. त्याने आजाराची मुदत कमी होते आणि पुढील दोन-तीन महिने मुलाला संरक्षण मिळते.

धोक्याची चिन्हेही ध्यानात असू द्या. मूल चिडचिडे झाले, आधाशासारखे पाणी पिऊ लागले, डोळे खोल गेले, टाळू खचली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता सावकाश जागेवर गेली, तर अंगातले पाणी कमी झाले आहे असे समजावे आणि पाणी पाजत पाजतच आरोग्य केंद्राकडे निघावे. मूल सुस्त पडले, पिऊ शकेना, काही केल्या पोटात ठरेना, लघवी बंद झाली, शौचातून रक्त पडले किंवा ताप चढला, तर क्षणाचाही विलंब लावू नये. अशा मुलास शिरेतून सलाईनची व इतर उपचाराची गरज असते. जलसंजीवनी ही रुग्णालयाची जागा घेत नाही. बहुतेक मुलांवर रुग्णालयात जाण्याची पाळीच येऊ देत नाही.

तीन अडथळे

उपाय इतका सोपा असताना तो सर्वत्र का वापरला जात नाही? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात अतिसार झालेल्या बालकांपैकी सुमारे ६१ टक्के बालकांनाच क्षारमिश्रण मिळाले होते. झिंक तर सुमारे ३० टक्क्यांनाच. म्हणजे दर पाच मुलांतील दोन मुले या तांब्याभर पाण्यावाचून राहिली.

पहिला अडथळा आपल्या समजुतींचा. "पोटाला विश्रांती द्या", "पाणी दिले की जुलाब वाढतात" हे घरातील वडीलधारी माणसे मायेपोटीच सांगतात. त्यांचा उपहास करून काही साधत नाही. त्यांना कुंडीतील रोप दाखवावे. कुंडीला खालून भोक असते म्हणून आपण वरून पाणी घालणे बंद करतो काय? उलट, अधिक घालतो. हे उदाहरण एखाद्या आजीला पटले म्हणजे ती पुढे दहा घरांत तेच सांगत फिरते, असा माझा अनुभव आहे.

दुसरा अडथळा आपल्या अपेक्षेचा. हे पाणी जुलाब थांबवीत नाही. जुलाब आपल्या मुदतीने, बहुधा तीन ते सात दिवसांत थांबतात. हे पाणी तोवर प्राण राखते. ही गोष्ट आधीच सांगितली नाही तर चार चमच्यांनी गुण आला नाही म्हणून आई ते सोडून देते आणि जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मागते. अशा गोळ्या लहान मुलांस घातक ठरू शकतात, आणि पाण्यासारख्या साध्या जुलाबात बहुतेक वेळा प्रतिजैविकांचाही उपयोग नसतो.

तिसरा अडथळा देणाऱ्यांचा, आणि तो मला अधिक बोचतो. कर्नाटक व बिहार राज्यांतील दोन हजारांहून अधिक खासगी वैद्यकीय व्यावसायिकांचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. क्षारमिश्रण चांगले आहे हे त्यांतील बहुतेकांना ठाऊक होते. तरीही ते लिहून न देण्यामागील सर्वांत मोठे कारण असे निघाले की, "रुग्णाला हे नको असते" अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात रुग्णाने स्वतः मागितले तर ते देण्याचे प्रमाण वाढत होते. ध्यानात घ्या, डॉक्टरला वाटते रुग्णाला सुई हवी, आणि रुग्णाला वाटते डॉक्टरला सगळे कळते! या दोघांच्या मध्ये ती पुडी पडून राहते. म्हणून गावाने मागावयास शिकले पाहिजे.

याच संदर्भात आणखी एक सावधगिरी. जलसंजीवनीसारखे नाव लावून गोड पेये विकण्याचा प्रकार काही वर्षे चालला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. जुलाब होत असलेल्या मुलास गोड पेय पाजणे म्हणजे जुलाबात भर घालणे होय. आरोग्य केंद्रात मिळते ती साधी पुडीच खरी.

शेजारच्या देशाचे उदाहरण

ज्या भूमीतील निर्वासितांवर बनगावला हा प्रयोग झाला, त्याच बांगलादेशात पुढे या ज्ञानाचा सर्वांत मोठा प्रसार झाला. ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत घरोघर कार्यकर्त्या पाठवून एक कोटीहून अधिक घरांतील आयांना हे पाणी करावयास शिकविले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे त्यांचे माप होते. कार्यकर्ती ते करून दाखवी, मग आईला तिच्याच भांड्यात करावयास लावी.

या कार्यक्रमातील दोन गोष्टी येथील अधिकारी बंधूंनी विशेष ध्यानात घ्याव्यात. कार्यकर्तीचे मानधन तिने किती घरांना भेटी दिल्या यावर ठरत नसे. काही आठवड्यांनी दुसरा तपासनीस काही घरे निवडून जाई, आणि आईला काय आठवते व तिला पाणी नीट करता येते काय, यावर ते ठरे. दुसरी गोष्ट अशी की, आयांना माहिती होऊनही त्या प्रत्यक्षात वापर करीत नाहीत असे सुरुवातीस आढळून आले. शोध घेता दिसले की, शिकविणाऱ्यांचाच पुरता विश्वास नव्हता. त्या स्वतःच्या घरी दुसरेच औषध आणीत. तेव्हा कार्यकर्त्यांना त्यामागील शास्त्र समजावून देण्यात आले आणि घरातील पुरुषांशीही बोलणे सुरू झाले. त्यानंतर वापर वाढला. ज्याचा स्वतःचा विश्वास नाही, त्याला दुसऱ्याला विश्वास देता येत नाही.

आपल्या राज्यातही जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून, फारशा न शिकलेल्या ग्रामीण स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या बनवून हेच सिद्ध केले. ज्ञान देण्यास पदवी लागते, हा आपला गैरसमज आहे.

आपण काय करावे

आपल्या कित्येक गावांच्या शिवेवर मरीआईचे ठाणे आहे. पूर्वी पटकीची साथ आली की सारा गाव मिळून मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडी. त्या काळी उपाय हाती नव्हता. परंतु साथ ही एका घराची नव्हे, साऱ्या गावाची बाब आहे, ही जाणीव त्या प्रथेत होती. आज उपाय हाती आहे. ती जाणीव मात्र पुन्हा जागी करावयास हवी.

सरपंच व पंचायत सदस्यांस माझी विनंती अशी की, पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत इतर विषयांबरोबर हा एक विषय घ्यावा आणि तेथे भाषण न करता पुडी प्रत्यक्ष करून दाखवावी. मग चार माउल्यांना पुढे बोलावून त्यांच्याकडून ती करून घ्यावी. प्रत्येक वाडीवस्तीवर एका घरी पुड्यांचा साठा ठेवून ते घर सर्वांना माहीत करून द्यावे. ओढ्याला पूर आल्यावर जी वस्ती तुटते, तेथे हा साठा आधी पोहोचला पाहिजे. रात्री-अपरात्री आजारी मूल नेण्यासाठी कोणाची गाडी निघेल, हेही आजच ठरवून ठेवावे. टी.सी.एल. पावडर म्हणून आपण जिला ओळखतो ती योग्य प्रकारे साठवून रोज पाण्यात पडते काय, आणि ओ.टी. चाचणीत पाण्याला पिवळा रंग येतो काय, हे नोंदवहीतील सहीवरून न ठरविता स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. रोगाचे मूळ तेथे आहे. जलसंजीवनी हा शेवटचा बांध आहे.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक छोटा पाठ सुचवितो. चौथीच्या पुढील मुलांना घरचा तांब्या शाळेत आणावयास सांगावा. लिटरच्या मापाने पाणी ओतून कोणाच्या तांब्यात किती मावते ते मोजावे, आणि एक लिटर म्हणजे आपल्या घरचा दीड तांब्या की सव्वा, ते मुलाने वहीत लिहून घरी आईला सांगावे. गणिताचा तास होईल, आणि त्या घरात पाण्याचे माप कायमचे ठरून जाईल. मला १९८६ साली ही गोष्ट सुचली असती तर त्या बाईवर ती वेळ आली नसती. शाळेत शौचानंतर व जेवणापूर्वी हात धुण्यास साबण असावा, हे तर सांगावयास नकोच.

अधिकारी बंधूंना एवढेच म्हणेन की, किती पुड्या वाटल्या हा आकडा अहवालात जरूर द्यावा. परंतु त्याखाली आणखी एक रकाना आखावा. भेट दिलेल्या दहा घरांपैकी किती घरांत पाण्याचे माप बरोबर सांगता आले? हा आकडा प्रथम लहान दिसेल. तो लपवू नये. त्याच आकड्यावरून पुढचे काम कळेल. २०१६ पासून आपल्या देशात रोटाव्हायरसची लस देण्यास सुरुवात झाली आहे. अतिसाराच्या एका मोठ्या कारणापासून ती संरक्षण देते. तिची आणि गोवराच्या लसीची मात्रा कोणत्या बाळाची राहिली, हेही त्याच भेटीत पाहता येईल.

बंधुभगिनींनो, मघाशी सांगितलेले ते मूल आज चाळिशीचे झाले असेल. त्याचे नाव मला आठवत नाही. त्याच्या आईचे शब्द मात्र अजून आठवतात. त्यानंतरच्या नोकरीत मी एकही पुडी नुसती हातात दिली नाही. टेबलावर लिटरचे भांडे ठेवले, प्रत्येक आईकडून ते भरून घेतले आणि "आता तुम्ही मला सांगा" असे म्हणून तिच्या तोंडून रीत ऐकल्यावाचून तिला जाऊ दिले नाही. रांग थोडी लांबली; परंतु दुसऱ्या दिवशी त्याच मुलासाठी परत येणाऱ्या आया कमी झाल्या.

आज येथून परतताना प्रत्येकाला एक पुडी मिळणार आहे. ती कपाटात ठेवू नका. आज रात्री घरच्या भांड्यात ती करून पाहा, घरातील सर्वांना चाखावयास द्या, आणि उद्या शेजारच्या एका घरी करून दाखवा. पहिला पाऊस पडण्याच्या आत एवढे झाले, तर या शिबिराचे सार्थक झाले असे मी समजेन.